आत्याचे नाक

आमच्या आत्याला तीन भाषांत नाही म्हणता येते. माहेर भालकीचे, त्यामुळे तोंडात पहिल्यांदा येते ते 'ब्याड'. घरची भाषा मराठी, म्हणून 'नको'. आणि सासर आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथचे, तेव्हा बाजारात आणि शेतावरच्या मजूर बायांशी 'वद्दु'. साध्या गोष्टीला ती एकाच भाषेत नाही म्हणते. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरच्या एका रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "आजी, ऑपरेशन करावं लागेल," तेव्हा तिने तिन्ही भाषा एका दमात वापरल्या. डॉक्टरांना त्यातली एकच कळली, पण तेवढी पुरेशी होती.

प्रश्न तिच्या नाकाचा होता. नाकाच्या डाव्या पाळीवर, मोरणीच्या भोकाला लागून, कातडीचा कॅन्सर झाला होता. तो सुरी न लावता बरा करता येतो का, एवढेच तिला हवे होते. हा प्रश्न घेऊन मी तीन महिने हिंडलो. मी डॉक्टर नाही; कॉलेजात इतिहास शिकवतो. पण आपल्या भागातल्या अनेक घरांत अशी एखादी आत्या, मावशी, आजी असते, जिच्या चेहऱ्यावर 'काही नाही, चामखीळ आहे' असे काहीतरी वर्षानुवर्षे असते. म्हणून हे लिहितो आहे.

जैनथ हे आदिलाबादपासून वीसेक किलोमीटरवरचे, काळ्या मातीचे, कापसाचे गाव. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. आत्याचे लग्न १९६६ साली झाले. तेव्हा तिचे माहेर म्हैसूर राज्यात होते आणि सासर आंध्र प्रदेशात. त्याच्या दहाच वर्षे आधी दोन्ही गावे एका हैदराबाद राज्यात नांदत होती, आणि सोयरिकीही त्याच हिशेबाने जुळत होत्या. पुढे माहेरच्या राज्याचे नाव बदलून कर्नाटक झाले, २०१४ साली सासरचे राज्यच बदलून तेलंगण झाले. आत्या त्याच घरात, त्याच चुलीपुढे होती.

गावात लक्ष्मीनारायणाचे जुने दगडी देऊळ आहे. वर्षातल्या ठरावीक दिवसांत सकाळचे ऊन आत शिरून मूर्तीच्या पायांशी येते, ते पाहायला लांबून माणसे येतात. इथला एक शिलालेख परमार वंशातल्या जगद्देवाच्या काळातला आहे. त्याची सुरुवात सूर्याला वंदन करून होते, आणि निंबादित्य नावाने सूर्याचे देऊळ पद्मावती नावाच्या बाईने बांधवल्याची नोंद त्यात आहे. इतिहासवाल्याला शिलालेख दिसला की राहवत नाही, हे मान्य. पण इथे त्याचा संबंध आहे. सूर्याला हात जोडणाऱ्या या गावात आत्याने पन्नासहून अधिक वर्षे डोक्यावर पदर आणि तोंडावर ऊन घेऊन कापूस वेचला. तिच्या नाकावर जे उगवले त्यात या उन्हाचा मोठा वाटा असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. हे ऐकून आत्या म्हणाली, "मग काय करायचं होतं? सगळी जिंदगी बिसलातच गेली की बाबा. सावलीत कापूस पिकतो का कुठं?"

याला उत्तर नव्हते.

सुरुवात झाली २०१८ च्या आसपास. मोरणीच्या भोकाजवळ मोहरीएवढा काळसर, चकचकीत दाणा आला. मोरणी घासते म्हणून आला असेल, असे घरातल्यांनी ठरवले. काही महिन्यांनी त्यातून तोंड धुताना थेंबभर रक्त यायचे, खपली धरायची, आठ दिवसांत पडायची, पुन्हा तेच. दुखत अजिबात नव्हते. दुखले असते तर ती लवकर गेली असती, असे मला राहून राहून वाटते. दुखणे नाही म्हणजे रोग नाही, असा आपला हिशेब असतो आणि हा कॅन्सर नेमका त्याच हिशेबाचा फायदा घेतो.

मग कोणीतरी सांगितले की अमुक गावचा एक गृहस्थ चामखीळ जाळून देतो. त्याने बिब्ब्याचे तेल लावले. आपल्याकडे बिब्बा ठाऊक नाही असे घर नसेल. धोब्याची खूण करायला आणि पायातल्या काट्याला तो चालतो, पण चेहऱ्यावरच्या कातडीला तो निखाऱ्यासारखा भाजतो. आत्याचा गाल आठवडाभर सुजला. दाणा मात्र गळून पडला आणि सगळे खूश झाले. सहा महिन्यांनी तो परत आला, तेव्हा दाणा नव्हता, दाण्याभोवती कडे होते. दुसऱ्यांदा जाळले. ते वरचे झाकण जळत होते आणि खाली मूळ पसरत होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. यात मी स्वतःलाही सोडत नाही. मधल्या काळात मी दोनदा जैनथला जाऊन आलो होतो. नाकावरची पट्टी पाहिली होती, "काय झालं आत्या?" असे विचारले होते, "काही नाही रे" हे उत्तर ऐकून जेवायला बसलो होतो.

२०२२ च्या कार्तिकात जत्रेला गेलो तेव्हा पट्टी नव्हती. सकाळच्या उन्हात ती ओसरीवर बसली होती आणि नाकाच्या पाळीवर मधे खड्डा, भोवती मण्यांची माळ ओवल्यासारखी चकचकीत कड स्पष्ट दिसत होती. त्याच दिवशी तिला आदिलाबादला कातडीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी भिंगाने पाहिले, सुईने बधिर करून कडेचा साबुदाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. आत्याने तेवढ्यालाही हरकत घेतली होती. पण तो तुकडा काढल्याशिवाय पुढचे काहीच ठरत नाही. बिनसुरीचे उपचार असोत वा सुरीचे, आधी हा रोग कोणता आणि कोणत्या प्रकारचा हे ठरावे लागते. बिब्बावाल्याच्या आणि डॉक्टरांच्या जाळण्यात खरा फरक या तुकड्याचा आहे.

निदान आले बेसल सेल कार्सिनोमा. कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी ज्या पेशी असतात, त्यांचा कॅन्सर. जगभरातल्या गोऱ्या लोकांत याच्याइतका सर्रास दुसरा कॅन्सर नाही. आपल्या सावळ्या कातडीत तो पुष्कळ कमी आढळतो, आणि आढळतो तेव्हा बरेचदा काळा असतो, म्हणून तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिला जातो. डब्लिनचे डॉक्टर आर्थर जेकब यांनी १८२७ साली त्याचे पहिले नीट वर्णन केले. इंग्रज डॉक्टर त्याला पुढे 'रोडेन्ट अल्सर' म्हणू लागले, म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखी जखम. हे नाव आत्याला फार पटले. हा कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरणे अतिशय विरळ. तो माणसाला सहसा मारत नाही. पण आहे त्या जागी कुरतडत राहतो. कातडी, मग कूर्चा, मग हाड. नाकाजवळ असेल तर डोळ्यापर्यंतही जाऊ शकतो.

"म्हणजे मोरणीनं नाही झालं?" आत्याने विचारले. नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तिचा संशय अगदीच खुळा नव्हता, हे मात्र इथे नोंदवतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात काम केलेले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात भारतीय सवयींमुळे होणाऱ्या कॅन्सरचे तीन नवे प्रकार दाखवले होते. त्यातला एक 'धोतराचा कॅन्सर'. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट बांधलेल्या धोतराने कातडी घासून होणारा. पुढे मुंबईच्याच डॉक्टरांनी साडीच्या निरीजवळ, परकराच्या नाडीखाली होणाऱ्या तशाच कॅन्सरची वर्णने केली. तो वेगळ्या जातीचा, पण कमरेवरचा काळा, जाड, भेगाळलेला पट्टा आपल्या बहुतेक आयांच्या अंगावर असतो. तिथे बरी न होणारी जखम दिसली तर नाडी सैल करून डॉक्टरांकडे जावे. असो.

जैनथहून हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर सुमारे दोनशे. शिवाय नागपूरला मराठी. आम्ही पांढरकवडा, हिंगणघाट करत नागपूर गाठले, आणि तिथे या लेखाच्या सुरुवातीचा तो तिहेरी नकार घडला.

आत्याच्या नकारामागे भीती होती, पण ती भूल किंवा वेदनेची नव्हती. तिची चार बाळंतपणे घरीच झालेली आहेत. ती म्हणाली, "चौऱ्याहत्तर वर्षं कुणी नाक कापलं म्हणू शकलं नाही. आता डॉक्टर कापणार?" आपल्या भाषेत नाकावर किती बोजा आहे पाहा. मान, अब्रू, घराणे, सगळे नाकाच्या शेंड्यावर. कन्नडमध्येही मूगु कोय्यणे म्हणजे अपमानच. एखाद्या बाईला पाठीवर कॅन्सर झाला असता तर तिने असा नकार दिला नसता. डॉक्टर मंडळी ज्याला 'जागा' म्हणतात, ती रोग्याच्या मनात निराळीच असते.

शस्त्रक्रियेचे डॉक्टर तरुण होते, आणि शांतपणे बोलणारे होते. त्यांनी सांगितले की खात्रीचा इलाज कापून काढणे हाच. कड सगळीकडून साफ निघाली का हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, तसे दुसऱ्या कोणत्याही उपायात दिसत नाही. पाळीचा तुकडा जाईल, तिथे कपाळाची कातडी फिरवून बसवता येईल. कपाळाची कातडी म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. रात्री लॉजवर मी आत्याला कावसजीची गोष्ट सांगितली.

तिसऱ्या म्हैसूर युद्धात, म्हणजे १७९२ च्या सुमारास, इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा गाडीवान टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला त्याची हकीकत चित्रासह छापून आली, त्यात त्याचे नाव कावसजी दिले आहे. मराठा गाडीवानाचे नाव कावसजी कसे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक करून दिले. पातळ मेणाचा पत्रा नाकाच्या जागेवर बसवून माप घेतले, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोलून भुवयांच्या मधे देठ ठेवून खाली वळवली आणि बसवली. वरून पाण्यात भिजवलेल्या काथाच्या पट्ट्या. आपण पानात घालतो तोच काथ. इंग्रज सर्जन हे पाहत उभे होते. वीस वर्षांनी, १८१४ साली, जोसेफ कार्प्यू याने लंडनला तशी शस्त्रक्रिया केली, आणि आजही जगभर कॅन्सरने गेलेले नाक याच रीतीने बांधतात. नाक कापणारा श्रीरंगपट्टणचा, नाक जोडणारा पुण्याचा. आपल्या सीमाभागाला शोभेल अशीच ही गोष्ट.

आत्याने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "त्याचं नाक दुश्मनानं कापलं होतं. माझं तर भाचाच कापायला निघालाय." आणि कूस बदलून झोपली.

माझ्या आतेभावाच्या मुलाने तोवर मोबाईलवर मलम शोधून काढले होते. असे मलम खरोखर आहे, थाप नव्हे. इमिक्विमॉड त्याचे नाव. ते कॅन्सरला जाळत नाही. लावलेल्या जागी शरीराची स्वतःची संरक्षणफौज जागी करते आणि ती फौज बिघडलेल्या पेशींवर तुटून पडते. अमेरिकेत २००४ साली या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली, पण फक्त वरवरच्या, पातळ प्रकारासाठी, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या डागासाठी, आणि चेहरा, हात, पाय वगळून. आठवड्यातून पाच रात्री, सहा आठवडे. जागा लाल होते, सोलवटते, खपल्या धरते. ब्रिटनमध्ये मलम आणि शस्त्रक्रिया यांची समोरासमोर तुलना झाली. पाच वर्षांनी शस्त्रक्रियेचे यश ९७.७ टक्के, मलमाचे ८२.५ टक्के. नेदरलँड्समध्ये तीन बिनसुरीचे उपाय एकमेकांशी ताडून पाहिले, निकाल २०१८ मध्ये आला. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेले इमिक्विमॉडने ८०.५ टक्के, फ्लुरोयुरासिल मलमाने ७० टक्के, आणि औषध लावून वर विशिष्ट प्रकाश टाकण्याच्या उपचाराने ६२.७ टक्के. हेही वरवरच्या प्रकारातच. द्रव नायट्रोजनने गोठवण्याची पद्धतही लहान, उथळ डागांसाठीच.

आत्याचा डाग उथळ नव्हता. तपासणीत तो गाठीचा प्रकार निघाला होता, जागा नाकाची होती, आणि दोनदा जाळल्यामुळे वरच्या व्रणाखाली कड कुठवर गेली आहे याचा भरवसा नव्हता. मलम लावले असते तर वरून छान भरून आले असते आणि खाली उंदीर चालूच राहिला असता. "बिब्ब्यानं झालं तेच, महागात," असे डॉक्टर म्हणाले. दोनदा जाळले नसते, २०१८ सालीच तो तुकडा तपासला असता, तर निवडीला अधिक वाव होता. हे वाक्य ते बोलले नाहीत. मीच मनात म्हटले.

गोळ्यांचाही विषय निघाला. २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालेली विस्मोडेगिब नावाची गोळी आहे. तिच्यामागची गोष्ट आपल्या धनगरवाड्यांत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात मेंढ्यांना कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली. शोध घेता घेता कळले की गाभण मेंढ्या एक रानटी वनस्पती खात होत्या. तिच्यातले द्रव्य गर्भाच्या घडणीतला एक संदेश अडवत होते. पुढे १९९६ साली उमगले की बेसल सेल कॅन्सरमध्ये हाच संदेश बेलगाम सुटलेला असतो. त्या वनस्पतीतल्या द्रव्याने दाखवलेल्या वाटेवरून ही गोळी आली. पण ती फार वाढलेल्या, सुरी आणि किरण दोन्हींच्या पलीकडे गेलेल्या रोगासाठी. पायात गोळे येतात, केस जातात, तोंडाची चव जाते. आत्या म्हणाली, "चव गेल्यावर जगून काय करायचं?" आणि तो विषय तिथे संपला.

उरले किरण. किरणोपचाराच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आत्याला खुर्चीत नीट बसवून घेतले आणि पहिल्यांदा तिलाच विचारले, मला नाही. "आजी, तुम्हाला नक्की काय नको आहे?" आत्याला हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. ती थोडी थांबून म्हणाली, "आरशात दुसरी बाई नको."

कातडीच्या कॅन्सरवर क्ष-किरण वापरणे ही काही नवी टूम नाही. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले, आणि १८९९ मध्ये स्टॉकहोमच्या थोर स्टेनबेक याने एका ४९ वर्षांच्या बाईच्या नाकावरचा हाच कॅन्सर त्या किरणांनी बरा करायला घेतला. नऊ महिन्यांत शंभराहून अधिक वेळा. ती बाई तीस वर्षांनंतरही धडधाकट होती. म्हणजे किरणांनी बरा झालेल्या अगदी पहिल्या कॅन्सरपैकी एक नाकावरचाच. हे मी आत्याला सांगितले तेव्हा कावसजीपेक्षा ही गोष्ट तिला जास्त आवडली.

पण डॉक्टर बाईंनी दुसरी बाजू लपवली नाही. फ्रान्समध्ये चेहऱ्यावरच्या अशा कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया आणि किरण यांची तुलना झाली होती. १९९७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. चार वर्षांत रोग राहिला वा परतला, असे शस्त्रक्रियेनंतर ०.७ टक्के, किरणांनंतर ७.५ टक्के. दिसण्याच्या बाबतीतही त्या अभ्यासात शस्त्रक्रियाच सरस ठरली, कारण किरण दिलेली कातडी वर्षे जातील तशी फिकी, पातळ होते, तीवर लाल शिरा दिसू लागतात. शिवाय किरणांनंतर रोग परतला तर त्या जागी शस्त्रक्रिया करणे अवघड होते, जखम लवकर भरत नाही. आणि तरुण माणसाला शक्यतो किरण देत नाहीत, कारण वीस-तीस वर्षांनी त्याच जागी नवा कॅन्सर होण्याचा धोका असतो. काही आनुवंशिक आजारांत तर ते टाळायलाच हवेत. "तुमच्या वयाला हा धोका मी घेईन," बाई म्हणाल्या, "तुमच्या नातीला मी हेच सांगणार नाही."

मला विचाराल तर मी शस्त्रक्रियेच्या बाजूचा होतो. आकडे माझ्यासमोर होते. पण नाक माझे नव्हते. शेकडा सात-आठ म्हणजे काय, हे मी आत्याला शेतातल्या भाषेत सांगितले: शंभर सरक्या टोचल्या आणि सात-आठ उगवल्या नाहीत तर? ती म्हणाली, "मग बाकीच्या उगवल्या की." सही तिने स्वतः केली, मराठीत.

२०२३ च्या संक्रांतीनंतर सुरुवात झाली. सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे, वीस वेळा. रुग्णालयाजवळ एक खोली घेतली, आतेभाऊ आणि वहिनी आळीपाळीने राहिले, शनिवार-रविवारी मी. सीमेवरच्या घरांनी एक ध्यानात ठेवावे. एका राज्याचे आरोग्याचे कार्ड नदीपलीकडच्या राज्यात चालेलच असे नाही. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, रुग्णालयाच्या खिडकीशी पोहोचल्यावर नव्हे. आम्ही खिडकीशी विचारले. त्या वर्षीच्या कापसाचा बराचसा पैसा नागपुरात राहिला.

पहिल्या दिवशी किरण सोडलेच नाहीत. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तिच्या तोंडावर दाबून मुखवटा केला, म्हणजे रोज डोके त्याच जागी राहील. डाग आणि भोवतीची थोडी जागा तेवढी उघडी. नाकपुडीत मेणाचा थर दिलेला शिशाचा तुकडा, आतल्या पडद्याला किरण लागू नयेत म्हणून. डोळ्यांवर झाकण. मेण पाहून आत्या म्हणाली, "तुझ्या कावसजीचं मेण अजून संपलं नाही वाटतं." म्हणजे त्या रात्री ती झोपली नव्हती, ऐकत होती.

प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचे. दुखत नाही, दिसत नाही, वास नाही. पहिला आठवडा काहीच झाले नाही, तेव्हा तिला वाटले फसवतात. तिसऱ्या आठवड्यात नाक टोमॅटोसारखे लाल झाले, मग ओले झाले, मग काळी खपली. नाक आतून कोरडे पडून दोनदा रक्त आले. शेजारच्या खोलीतल्या बाईने हळद लावायला सांगितली आणि आत्याने लावलीही. डॉक्टर बाईंनी पिवळे नाक पाहून काय म्हणायचे ते म्हणून घेतले. उपचार संपल्यावर पहिले दोन आठवडे सर्वांत वाईट गेले. ही गोष्ट आधी सांगितलेली असूनही घरात घबराट झालीच. उगादीच्या दिवशी खपली आपोआप निघाली. खाली गुलाबी कातडी होती. खड्डा पुष्कळसा भरला होता, पाळीला थोडी खाच राहिली.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी आम्ही नागपूरला जातो. डॉक्टर बाई दिवा धरतात, भिंगाने पाहतात, बोटाने दाबतात. आत्या तेवढा वेळ श्वास धरून असते, मीही. आजवर काही सापडलेले नाही. गालांवर, कानांमागे, मानेवरही पाहतात, कारण एकदा हा रोग झालेल्याला दुसरीकडे नवा होण्याचा संभव असतो. किरण दिलेली जागा आता पांढुरकी, चकचकीत आहे, तीवर केसासारख्या दोन-तीन लाल रेघा आहेत. आत्या आता शेतात रुंद काठाची टोपी घालते. लग्नातल्या फोटोत तशी टोपी घातलेली जैनथमधली ती पहिली बाई असावी.

डाव्या पाळीचे मोरणीचे भोक किरणांत बुजले. तिथे पुन्हा टोचायचे नाही, असे बाईंनी बजावले होते. मागच्या दिवाळीआधी आत्याने त्यांना विचारले, "आणि उजवीकडं?" उजवी पाळी निरोगी होती, बाईंनी हसून मान हलवली. मग ती आदिलाबादला सराफ्यात गेली आणि वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी उजवे नाक टोचून आली. सुरीला तीन भाषांत नाही म्हणणारी आमची आत्या सोनाराच्या तारेला एकाही भाषेत नाही म्हणाली नाही.

कार्तिकात जत्रेला गेलो तेव्हा मी म्हटले, "आत्या, बाजू बदललीस?"

"बदलली कुठं," ती म्हणाली. "भालकीला आमच्या अव्वाची मूगुती उजवीकडंच होती."